डायनॅमोचा दिवा निवडताना



पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, त्या काळात रात्री बिनदिव्याची सायकल दिसली की चौकातला पोलीस हटकून अडवायचा. डबलसीट आणि दिवा नसणं, हे तेव्हाचे दोन ठळक गुन्हे! आता सायकलवाल्याला सहसा कुणी अडवत नाही, पण रस्त्यावरच्या मोटारी कितीतरी पटींनी वाढल्या आहेत. दुसऱ्या पाळीहून घरी निघालेला कामगार, पहाटे पेपर टाकणारी मुलं, क्लास संपवून परतणाऱ्या मुली, या सगळ्यांना दिव्याची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे.

तुम्ही म्हणाल, बाजारात बॅटरीचे दिवे स्वस्त मिळतात, मग डायनॅमो कशाला? कधीमधी अंधार पडल्यावर सायकल काढणाऱ्यानं बॅटरीचा दिवा खुशाल वापरावा. पण रोज अंधारातून जाणाऱ्याला तो चार्ज करायची आठवण ठेवावी लागते, आणि सायकल स्टँडवर लावताना काढून खिशात घालावा लागतो. डायनॅमोचा दिवा सायकलला बोल्टनं कायमचा बसवलेला असतो. चाक फिरलं की तो लागतो.

डायनॅमो दोन प्रकारचे. पहिला आपल्या ओळखीचा, बाटलीसारखा दिसणारा. त्याचं दातेरी चाक टायरच्या कडेला टेकतं आणि आतलं चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळ गरागरा फिरतं. सायकल ताशी पंधरा किलोमीटरनं चालली तरी हे छोटं चाक मिनिटाला काही हजार फेरे घेतं. म्हणून तो घूं-घूं आवाज आणि म्हणूनच पायांना जाणवणारं ओझं. सायकलच्या डायनॅमोचं रूढ माप आहे ६ व्होल्ट, ३ वॉट. त्यातले २.४ वॉट पुढच्या दिव्याला आणि ०.६ वॉट मागच्याला. पण ते ३ वॉट मिळवायला बाटली आपल्याकडून त्याच्या दुप्पट-तिप्पट ताकद वसूल करते. शिवाय आपल्याकडच्या पावसात टायर ओला-चिखलाचा झाला की दातेरी चाक घसरतं आणि दिवा मिणमिणतो.

दुसरा प्रकार हबमधल्या डायनॅमोचा. पुढच्या चाकाच्या मधोमध, स्पोक जिथे अडकवतात त्या हबच्या पोटातच तो बसवलेला असतो. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीनं १९३०च्या दशकात असे हब विकायला काढले. शिमानोसारख्या कंपन्या आजही ते बनवतात. हा हब चाकाइतकाच सावकाश फिरतो, मिनिटाला शंभर-सव्वाशे फेरे. तेवढ्यात पुरेशी वीज मिळावी म्हणून त्यात चुंबकाचे ध्रुव अनेक ठेवलेले असतात. आवाज नाही, टायरची झीज नाही, पाऊस असो की चिखल, त्याला फरक पडत नाही. दिवा बंद असताना किंचित ओढ राहते, पण चालवणाऱ्याला ती क्वचितच कळते.

मग सगळ्यांनी हबच घ्यावा का? तसंही नाही. तो महाग आहे आणि त्यासाठी चाक नव्यानं बांधावं लागतं. आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या पुढच्या चाकाला बहुधा ३२ स्पोक असतात, तेव्हा हबही ३२ भोकांचाच हवा. शिवाय या सायकलींचा चिमटा अरुंद असतो, नवा हब त्यात बसेलच असं नाही. आधी मिस्त्रीकडून माप घेऊन ठेवावं. माझं मत विचाराल तर रोज तास-दोन तास अंधारात सायकल चालवणाऱ्यानं हबचा खर्च करावा. घरातल्या जुन्या सायकलला बाटली पुष्कळ झाली. मात्र ती शक्यतो मागच्या चाकाला बसवावी. पुढे बसवलेली बाटली सैल होऊन स्पोकमध्ये गेली तर सायकलस्वार थेट हँडलवरून पुढे फेकला जातो.

डायनॅमो कुठलाही घ्या, दिवा मात्र एलईडीचा आणि थांबल्यावरही जळत राहणारा घ्या. पैसे कमीच असतील तर ते इथे आधी खर्च करावेत, असं मी म्हणेन. जुन्या दिव्याची मोठी खोड अशी, की सायकल थांबली की तो विझायचा. उजवीकडे वळायचं म्हणून आपण रस्त्याच्या मधोमध उभे असतो, मागून ट्रक येत असतो आणि नेमकं तेव्हाच आपण अंधारात! नव्या दिव्यांत एक कपॅसिटर असतो. चालताना तो थोडी वीज साठवतो आणि थांबल्यावर काही मिनिटं दिवा जळता ठेवतो. ही सोय मागच्या दिव्याला तर हवीच. जर्मनीत २०१३पर्यंत बहुतेक सायकलींना डायनॅमोचा दिवा कायद्यानं सक्तीचा होता, त्यामुळे असे चांगले दिवे तिथे पुष्कळ तयार झाले. जुन्या बल्बची आणखी एक गंमत सांगतो. मागचा बल्ब गेला की त्याच्या वाट्याची वीजही पुढच्याला मिळायची आणि जोरात सायकल मारली की पुढचाही उडायचा.

बॅटरीवरचा एलईडी मात्र डायनॅमोला सरळ जोडू नका. डायनॅमोची वीज उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी असते. दिवा डायनॅमोसाठीच बनवलेला आहे का, हे दुकानदाराला विचारून घ्या.

दिवा मिणमिणू लागला की डायनॅमो बिघडला, असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक वेळा दोष जोडणीत असतो. जुन्या पद्धतीत वायर एकच असते, परतीची वीज सायकलच्या लोखंडातून जाते. पट्टीच्या स्क्रूचं टोक रंग खरवडून लोखंडाला भिडलं नाही किंवा तिथे गंज चढला, की दिवा फडफडतो. मिस्त्रीला दुसरी वायर ओढायला सांगा, ही कटकट बहुतेक संपते. बाटली बसवताना तिच्या मधून धरलेली सरळ रेषा चाकाच्या आसातून जाते ना, तेही पाहा. तिरकी बसली तर टायर खाते.

शेवटी, पुढच्या दिव्याचा झोत आठ-दहा मीटरवर रस्त्यावर पडेल असा खाली वळवून मगच नट आवळा. सरळ ठेवलात तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो आणि आपला खड्डा आपल्याला दिसत नाही.