हरकत घेण्याचा अधिकार



वसमतची हळद परभणीकरांना परकी नाही. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर वसमत परभणी जिल्ह्यातच होते. जखमेवर हळद दाबावी, हे या भागात कोणाला शिकवावे लागत नाही. तरीही मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने नेमक्या याच उपयोगाचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे होते, हे जाता जाता ध्यानात ठेवावे. केवळ परकीयांच्या नावाने बोटे मोडून भागत नाही.

डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने त्या पेटंटला आव्हान दिले. अडचण अशी की, तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातील नुसता वापर हा पुरावा ठरत नसे. ते ज्ञान कोठेतरी छापलेले असावे लागे. घरोघरच्या आजीबाईंचा अनुभव तेथे कवडीमोल ठरला. परिषदेने ३२ संदर्भ जमविले. त्यांत जुने ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

हे काम एका बलाढ्य सरकारी संस्थेने केले. मग सामान्य नागरिकाचे काय? पेटंट तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे अर्जांचा ढीग असतो, वेळ मोजका असतो आणि जगातील सारे ज्ञान त्याला ठाऊक असणे शक्य नसते. हे ओळखूनच २००७ मध्ये न्यूयॉर्क लॉ स्कूल आणि अमेरिकेचे पेटंट कार्यालय यांनी एक प्रयोग केला. अर्जदाराच्या संमतीने अर्ज जनतेपुढे ठेवायचा आणि स्वयंसेवकांनी ‘हे आधीच ज्ञात आहे’ असे दाखविणारे पुरावे शोधून द्यायचे.

आपल्या कायद्याने तर याहून मोठा अधिकार दिला आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर पेटंट मिळण्यापूर्वी ‘कोणतीही व्यक्ती’ लेखी हरकत घेऊ शकते. तिचा त्यात व्यापारी हितसंबंध असण्याची अट नाही.

या अधिकाराचे मोल मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांनी दाखविले. क्षयाच्या औषधोपचारात त्यांची श्रवणशक्ती गेली. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांच्यावरही तोच प्रसंग ओढवला. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर बेडाक्विलिन हे नवे औषध आले. त्याचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. औषधाच्या एका क्षाररूपावर वेगळे पेटंट मागून जॉन्सन अँड जॉन्सन कंपनी २०२७ पर्यंत मक्तेदारी लांबवू पाहत होती. २०१९ मध्ये या दोघींनी हरकत नोंदविली. त्या कोणा कंपनीच्या प्रतिस्पर्धी नव्हत्या. रोगातून उठलेल्या दोन तरुणी होत्या. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला आणि स्वस्त औषधाची वाट मोकळी झाली.

त्यानंतर, २०२४ च्या नियमांनी पूर्वी निःशुल्क असलेल्या या हरकतीवर शुल्क बसविले. ती विचारार्ह आहे की नाही, हेही आता आधी ठरते. खोडसाळ हरकतींना आळा घालण्याचा हेतू समजण्यासारखा आहे, पण निर्धन हरकतदाराला त्याची झळ बसणारच.

ज्या परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि जिच्या नावाची ‘परभणी क्रांती’ भेंडी शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे, तेथे जाणकारांचा तुटवडा नाही. निवृत्त प्राध्यापक, वैद्य, कृषी पदवीधर, मोडी वाचणारे शिक्षक यांनी आठवड्यातील दोन तास काढले तरी पुष्कळ होईल. पेटंट कार्यालयाचे नियतकालिक दर शुक्रवारी निघते. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिने तरी पेटंट देता येत नाही, तेवढी मुदत हाती असते. स्थानिक समाजाचे तोंडी ज्ञानही आपल्या कायद्यात हरकतीचा आधार ठरते. मात्र ते कोणत्या गावी, कोणाकडे, केव्हापासून आहे, हे कोणीतरी आज वहीत तारखेनिशी उतरवून ठेवले पाहिजे. ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांतील बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे.