हार्ड डिस्क घेताना खोक्यावरचं नाव नको, मॉडेल नंबर वाचा

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका श्रोत्याचा मेल आलाय. "दादा, ४ टीबीची डिस्क कोणत्या कंपनीची घेऊ? हल्लीच्या टिकत नाहीत."

ही नुसती कुरकुर नाही. २०११ च्या शेवटी, थायलंडच्या पुरानंतर, सीगेट आणि डब्ल्यूडी दोघांनीही साध्या डिस्कची वॉरंटी कमी केली. आता बनवणाऱ्या कंपन्या उरल्यात तीन: या दोन आणि तोशिबा. त्यामुळे 'कंपनी कोणती' या प्रश्नात फारसा दम नाही. बॅकब्लेझ ही बॅकअप कंपनी आपल्याकडच्या हजारो डिस्कच्या बिघाडाचे आकडे उघड करते. त्यात सीगेटचं ३ टीबीचं एक मॉडेल धडाधड मेलं, आणि त्याच सीगेटचं ४ टीबीचं मॉडेल बरंच बरं चाललं. म्हणजे बघायचं ते मॉडेल.

त्यातही एक गोम आहे, एसएमआर. कौलारू छपरावर कौलं कशी एकावर एक चढवलेली असतात? तसेच इथे डेटाचे ट्रॅक. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचकटावी लागते. त्यामुळे मोठं फुटेज टाकताना डिस्क मध्येच रांगायला लागते. साध्या पद्धतीला सीएमआर म्हणतात. २०२० मध्ये कळलं की डब्ल्यूडीने रेड या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्ये न सांगता एसएमआर घातलंय. आणि रेड तर नॅससाठी विकली जायची! नंतर सीएमआरवाल्या 'रेड प्लस' नावाने वेगळ्या केल्या. म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये सीएमआर लिहिलंय का, ते पैसे देण्याआधी बघा. नुसता बॅकअप ठेवायचा असेल तर एसएमआर चालेल, रोजच्या एडिटिंगला नको.

फार स्वस्त मिळतेय? मग जरा थांबा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या सर्व्हर डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. त्यांचे चाललेले तास पुसून शून्य केले होते. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाका आणि भारतातली वॉरंटी दिसते का बघा. अर्थात वॉरंटीत मिळते ती कोरी डिस्क. नवरा-नवरीला पुन्हा बोहल्यावर उभं करता येत नाही.

डिस्क घरी आली की क्रिस्टलडिस्कइन्फो लावा. रीॲलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर दोन्ही शून्य हवेत. मग 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. रात्रभर चालेल, चालू द्या. सकाळी ते आकडे पुन्हा बघा. हलले असतील तर परत करायची मुदत असतानाच दुकानदाराला गाठा.

आणि दादा, तुमच्यासाठी सरळ उत्तर: एक महागडी घेण्यापेक्षा दोन घ्या, वेगवेगळ्या मॉडेलच्या. एक स्टुडिओत, एक घरी. दोन्हीकडे कॉपी होऊन फाइली उघडून बघेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नका.

एसएसडीबद्दलचे प्रश्न पुढच्या भागात घेऊ.