लढाई संपली, झोप मात्र परतली नाही



१९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तेव्हापासून आपल्या किती घरांतून माणसं फौजेत गेली आणि पेन्शनीवर परत आली. त्यांच्या शौर्याचं कौतुक आम्ही पुष्कळ करतो. पण तोच माणूस रात्री ओरडत उठला, सुतळी बॉम्ब वाजताच घामानं भिजला, लढाईचा विषय निघाला की उठून गेला, तर "डोकं फिरलंय" म्हणून आम्ही मोकळे होतो. कुणी "बाधा झाली" म्हणतं. बावीस प्रतिज्ञा घेऊनही काही घरांत अजून अंगारा निघतो, हे जाता जाता सांगितलेलं बरं.

हा आजार आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, इंग्रज डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी 'शेल शॉक' या नावानं त्यावर लिहिलं. त्याच युद्धात पळपुटेपणा, भेकडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारनं माफी दिली ती २००६ साली! व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक बोलू लागले, तेव्हा कुठं १९८० साली तिथल्या मानसोपचार संघटनेनं 'पीटीएसडी' हे नाव आपल्या यादीत घेतलं.

आणि हे फौजीपुरतंच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या ढिगाऱ्यातून वाचलेले, जातीय हल्ल्यातून वाचलेली बाई, घरात मार खाणारं लेकरू, यांनाही तो होतो. प्रसंग सरतो, मेंदूतला धोक्याचा भोंगा मात्र वाजत राहतो. महिना उलटूनही असं चाललं, तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवावं. बोलून करायचे उपचार आहेत, गोळ्या आहेत. पुष्कळांना गुण येतो. कँटीनच्या रमनं डोळा लागतो, पण झोप मोडते आणि दुखणं वाढतं.

विहारात बसून एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आनापानानं काहींना आराम पडतो. काहींच्या मात्र डोळे मिटताच तेच दृश्य उभं राहतं. अशांना दहा दिवसांच्या शिबिराला आग्रहानं बसवू नका. आधी डॉक्टरांना विचारा. डोळे उघडे ठेवून पाच मिनिटं बसणं किंवा सावकाश चालणं पुरे. ध्यान सुरू केलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका.

घरच्यांनी झोपेत हलवून उठवू नये, लांबून नावानं हाक मारावी. "काय घडलं ते सांग" म्हणून खोदू नये. तो बोलेल तेव्हा ऐकावं. माजी सैनिकांना ईसीएचएसच्या दवाखान्यातून पुढं पाठवतात. इतरांसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन २०२२ पासून सुरू आहे. पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. हा नंबर विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावा, अशी कार्यकारिणीला आमची विनंती आहे.