पित्याचा रविवार

(पालक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



प्रशासकाने जमाखर्चाविषयी बोलावे, अशी प्रथा आहे. आज आम्ही ताळेबंदात न मावणारा एक हिशेब आपणांपुढे ठेवीत आहोत.

मार्गासनी हे नसरापूर-वेल्हे रस्त्यावरील गाव. या डोंगराळ भागातील भातशेतीवर वर्षभर घर चालत नाही. म्हणून अनेक घरांतील कर्ते पुरुष पुण्या-मुंबईस नोकरी करतात. अशाच एका घरातील मुलास सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच मेंदूचा पक्षाघात आहे. दर खेपेस आई त्यास कडेवर घेऊन येई. वडील नियमाने पैसे पाठवीत. बिल कधी थकले नाही. आमच्या दप्तरी ते आदर्श पालक होते.

एकदा आई आजारी पडली आणि वडिलांना यावे लागले. डॉक्टरांनी विचारले, "तहान लागली की हा कसे सांगतो?" वडिलांना उत्तर देता येईना. मुलगा तर त्यांच्या हाती रडू लागला. ते हात त्याच्या ओळखीचे नव्हते. नंतर आमच्या टेबलाशी बसून ते म्हणाले, "साहेब, पैसे पाठवले की झालं, असं वाटायचं. खरं तर पोराकडं बघवत नव्हतं, म्हणून लांब राहिलो."

पुढच्या वेळी येण्यास आम्ही सुचविले, तेव्हा त्यांनी विचारले, "रविवारी उघडं असतं का?" नव्हते. वडील येत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्या आम्ही त्यांच्या सुट्टीच्या दिवशीच दार बंद ठेवले होते. ही आमची चूक होती. महिन्यातून एका रविवारी फिजिओथेरपी विभाग सुरू झाला.

तेथे ते शिकले. मेंदूची ही इजा स्वतःहून वाढत नाही. परंतु हातापायांना रोज ताण दिला नाही, तर स्नायू आखडतात. भरविताना मान मागे झुकली, तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून पाठीस आधार देऊन, हनुवटी किंचित खाली ठेवून, सावकाश भरवावे लागते. पहिला वाटीभर भात भरविण्यास त्यांना जवळजवळ तास लागला.

मुलगा आजही चालत नाही. मात्र तहान लागली की तो तांब्याकडे पाहतो, हे वडिलांनीच टिपले. आमच्या केसपेपरवर ती नोंद नव्हती.

पालकहो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून घ्यावे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. वयाच्या १८ वर्षांनंतर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. या कामी आमचे कार्यालय आपणांस साहाय्य करील.

कागदपत्रे आम्ही भरून देऊ. मुलाची ओळख मात्र ज्याची त्यानेच करून घ्यावयाची आहे. आजवर 'वडिलांचे नाव' या रकान्यात आम्ही केवळ नाव लिहून घेत आलो. यापुढे त्या नावाची व्यक्तीही मुलासोबत येथे यावी, एवढीच नम्र विनंती.