ट्रॅक्टर उलाळ होऊ नये म्हणून

खळ्यावरून घरी आणि घरून पुन्हा शेताच्या कडेला अशा ज्या लहानसहान खेपा शेतकऱ्याला दिवसभर घालाव्या लागतात, त्यांची गणती कोणी ठेवीत नाही. बियाण्याची दोन पोती, खताची तीन, पाण्याचे पिंप, कुंपणाचे खांब, भाजीचे चार क्रेट. एवढ्यासाठी ट्रॉली जोडणे म्हणजे दोन पाहुण्यांसाठी मांडव घालण्यासारखे होते. शिवाय ट्रॉलीला वळायला जागा लागते आणि अरुंद बांधावरून ती मागे घेताना भल्याभल्यांची त्रेधा उडते. ही अडचण दूर करण्यासाठी ट्रॅक्टरच्या पाठीशी थेट टांगता येईल अशी एक लोखंडी चौकट वापरतात. तिला चाके नसतात. नांगर ज्या तीन ठिकाणी अडकवितात, त्याच तीन ठिकाणी ती अडकवायची, हायड्रॉलिकच्या बळाने उचलायची आणि हव्या त्या जागी अलगद जमिनीवर टेकवायची. इंग्रजी मुलखात तिला कॅरी-ऑल, म्हणजे सर्व काही वाहून नेणारी, असे नाव आहे. नाव मोठे आकर्षक आहे. परंतु या साधनाविषयीच्या गैरसमजाची सुरुवातही त्या नावातच आहे.

लोखंडी चौकट गावातला लोहार किंवा वेल्डिंगवाला करून देतो. तिच्यावर फळ्यांचा तळ बसविण्याचे काम सुताराकडे येते. काम वरवर पाहता अगदी सोपे. फळ्या कापायच्या, भोके पाडायची, बोल्ट आवळायचे, की झाले! मग शेतकरी सुताराला सांगतो, "मिस्त्री, फळी चांगली जाड घाला, आणि वीतभर मागे लांब काढा. चार पोती जास्त बसली पाहिजेत." मिस्त्रीलाही भक्कम काम करण्याची हौस असते. अशा रीतीने दोघेही चांगल्या हेतूने एक चूक करून बसतात, आणि ती चूक पुढे एखाद्या नाल्याच्या चढावर उघडी पडते.

ती चूक कोणती हे समजण्यासाठी बैलगाडीची आठवण करणे पुरे आहे. गाडीतले ओझे आखावर तोललेले असते. गाडी भरताना जाणता गाडीवान पोती पुढे-मागे सरकवून पाहतो. ओझे पुढे फार झाले तर गाडी धुरजड होते आणि बैलांच्या माना दबतात. मागे फार झाले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा गाडीवरचा ताबा सुटतो. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. परंतु बैलांच्या जागी यंत्र आले की तोच शेतकरी हा नियम विसरतो. लोखंडाचे एवढे धूड कसले उलाळ होते, असे त्याला वाटते. वस्तुतः पाठीवरच्या चौकटीतले सगळेच ओझे मागच्या चाकांच्या आखापलीकडे, अधांतरी टांगलेले असते. म्हणजे ही गाडी जन्मतःच उलाळ आहे. प्रश्न एवढाच, की किती.

तीन ठिकाणच्या या जोडणीचा इतिहास येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. तिचा जनक हॅरी फर्ग्युसन हा आयरिश यंत्रज्ञ. त्याचा जन्म १८८४ सालचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने ट्रॅक्टरच्या नांगरटीकडे लक्ष घातले. त्या वेळी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. फाळ एखाद्या मुळात किंवा खडकात अडकला, की चाके पुढे रेटीत राहत, ट्रॅक्टरचे तोंड आभाळाकडे होई आणि कित्येकदा तो चालकासह मागे कोसळे. फर्ग्युसनने नांगर दोन खालच्या बाहूंना आणि एका वरच्या दांड्याला जोडला. जमिनीचा विरोध आता वरच्या दांड्यातून पुढे ढकलणाऱ्या जोराच्या रूपाने ट्रॅक्टरवर येऊ लागला आणि पुढची चाके खाली दाबलेली राहू लागली. १९३६ साली ही रचना घेऊन ट्रॅक्टर बाजारात आला. १९३९ साली फोर्डच्या कारखान्यातून तो अमेरिकेत निघाला. आणि १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे फर्ग्युसनचे पाच लाखांहून अधिक छोटे करडे ट्रॅक्टर तयार झाले. भारतात १९६० साली मद्रासला स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनविले, आणि ते नाव येथल्या शेतकऱ्याच्याही तोंडी रुळले.

नांगराच्या बाबतीत पुढची चाके दाबून धरणारी हीच जोडणी नुसते ओझे टांगले असता नेमके उलट वागते. नांगर जमिनीत असताना वरचा दांडा पुढे ढकलतो. ओझ्याची चौकट अधांतरी असताना तोच दांडा मागे ओढला जातो. जमिनीचा आधार नाही, विरोध नाही. आहे तो केवळ भार. मागचा आख हा तरफेचा टेकू होतो. एका बाजूला पोती, दुसऱ्या बाजूला पुढची चाके. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या किमान एक पंचमांश तरी भार उरला पाहिजे, असा सर्वमान्य दंडक आहे. त्याहून कमी उरला तर चक्र फिरवले तरी चाके वळत नाहीत; ती मातीवरून नुसती घसरतात.

आता एक उदाहरण मांडून पाहावे. मध्यम आकाराचा, १,७५० किलो वजनाचा ट्रॅक्टर आहे. त्यातले ६५० किलो पुढच्या चाकांवर आहेत. पुढच्या आणि मागच्या आखांतले अंतर १.९ मीटर. फळ्यांचा तळ मागच्या आखापासून ०.९ मीटरवर सुरू होतो आणि १.२ मीटर लांब आहे. म्हणजे त्याचा मध्य आखामागे १.५ मीटरवर आला. दंडकाप्रमाणे पुढच्या चाकांवर ३५० किलो राहिलेच पाहिजेत; म्हणून ३०० किलोंपर्यंतच ती हलकी होऊ द्यायची. तरफेच्या हिशेबाने मागे सगळे मिळून ३८० किलो टांगता येतात. त्यातले सुमारे ८५ किलो लोखंडी चौकटीचे आणि ३५ किलो फळ्यांचे. उरले २६० किलो. म्हणजे पन्नास किलोंची पाच पोती.

याच तळाची जाडी तीन सेंटीमीटरऐवजी पाच केली, तर सागवानाचे वजन ३५ किलोंवरून ५८ किलोंवर जाते आणि पाचवे पोते खाली उतरवावे लागते. जाडी तीच ठेवून लांबी ३० सेंटीमीटरने वाढवली, तर ओझ्याचा मध्य आणखी १५ सेंटीमीटर मागे सरकतो, चौकट आणि फळ्या दोन्ही जड होतात, आणि पुन्हा चारच पोती नेता येतात. दोन्ही गोष्टी केल्या तर तीन! जागा वाढली, ताकद घटली. जास्त पोती बसावीत म्हणून घातलेली लांब आणि जाड फळी पोत्यांचीच जागा खाते. तिच्यावर सात पोती सहज मावतात, मावतात म्हणून ती ठेवली जातात, आणि हायड्रॉलिक ती बिनतक्रार उचलतेही. कारण अशा ट्रॅक्टरांची उचलण्याची क्षमता बहुधा हजार किलोंहून अधिक असते. पण उचलते म्हणजे नेते, असे नव्हे. सपाट अंगणात काही जाणवत नाही. चढ लागला, खड्ड्यात चाक आदळले किंवा चालकाने क्लच झटक्याने सोडला, की उरलासुरला भारही पुढच्या चाकांवरून निघून जातो.

म्हणून फळ्यांचा तळ करताना पहिले सूत्र असे, की तो आखूड आणि हलका असावा. दुसरे सूत्र असे, की तो बदलता यावा. लोखंडी पत्र्यापेक्षा लाकूड येथे अधिक सोयीचे पडते. तेवढ्याच आकाराचा तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा सुमारे ४२ किलो भरतो, म्हणजे फळ्यांहून जड. ओला झाला की त्यावरून पोती घसरतात आणि पायही. फळी मात्र झिजते, फुटते, आणि फुटली तर तेवढीच एक बदलता येते.

चौकटीत मागे जाणारे दोन मुख्य बाहू असतात. त्यांवर दीड मीटर लांबीच्या तीन आडव्या अँगल पट्ट्या, साठ-साठ सेंटीमीटर अंतराने, झाळून घ्याव्यात. फळ्या या पट्ट्यांवर पुढून मागे अशा घालाव्यात. त्यामुळे क्रेट मागून सरळ आत ढकलता येतात आणि प्रत्येक फळीला तीन ठिकाणी आधार मिळतो. साडेचौदा सेंटीमीटर रुंदीच्या दहा फळ्या आणि त्यांच्यामध्ये अर्धा सेंटीमीटर फट, एवढ्यात दीड मीटर रुंदी भरते. फट सोडण्यात काटकसर करू नये. तिच्यातून पाणी, माती आणि सांडलेले खत खाली जाते, आणि पावसाळ्यात फळ्या फुगल्या तरी एकमेकींना रेटीत नाहीत. लाकूड रुंदीत फुगते आणि आकसते. लांबीत त्याचा फरक नगण्य असतो. फळ्या ओलसर असतील तर फट थोडी कमी ठेवावी. वाळल्यावर ती आपोआप वाढते.

लाकूड सागाचे असल्यास उत्तम. बाभूळही चालते, ती चिवट असते, परंतु तिचे वजन अधिक. कोणतेही झाड असो, फळी गाभ्याची घ्यावी; सालीजवळचे पांढरे लाकूड लवकर किडते. आंब्याची फळी स्वस्त मिळते, पण उघड्यावर ती फार दिवस तग धरीत नाही. फळ्या बसविण्यापूर्वी अँगल पट्ट्यांना गंजरोधक रंग द्यावा, कारण लाकडाखाली झाकलेले लोखंड नजरेआड गंजते. फळ्यांना कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत आणि कापलेल्या टोकांना तिसरा. कारण पाणी सर्वांत आधी टोकांतून शिरते. धान्य वाहायच्या फळ्यांना जळके इंजिन तेल किंवा डांबर लावू नये.

खिळ्यांचे येथे काम नाही. ट्रॅक्टरच्या थरथरीने ते निसटतात. दहा मिलिमीटर जाडीचे, गोल डोक्याचे आणि चौकोनी मानेचे बोल्ट वापरावेत. प्रत्येक आडव्या पट्टीवर दोन, म्हणजे एका फळीला सहा. डोके लाकडात किंचित बुडवावे, म्हणजे पोती फाटत नाहीत. खालून रुंद वायसर आणि न सुटणारा नट लावावा. आठवडाभर काम झाल्यावर सर्व बोल्ट एकदा पुन्हा आवळावेत, कारण या अवधीत लाकूड दबून बसते. पुढच्या बाजूस, चालकाच्या पाठीमागे, कमरेइतका उंच कठडा हवा. चौकट पूर्ण वर उचलली असता कठडा किंवा फळीचे टोक मागच्या टायरला किंवा वरच्या दांड्याला लागत नाही ना, हे रिकामी चौकट सावकाश उचलून पाहावे. खालच्या बाहूंच्या साखळ्या ताणलेल्या असाव्यात. नाहीतर वळणावर ओझे घड्याळाच्या लंबकाप्रमाणे डुलते.

आपल्या ट्रॅक्टरला पाच पोती झेपतात की चार, हे अंदाजाने ठरविण्याचे कारण नाही. मध्य प्रदेशात बुधनी येथे १९५५ साली सुरू झालेली केंद्रीय संस्था ट्रॅक्टरांची परीक्षा करते. तिच्या अहवालांत आखांवरचे भार, आखांतले अंतर आणि उचलण्याची क्षमता ही माहिती असते. त्याहूनही सोपा मार्ग बाजारातल्या वजनकाट्याचा आहे. ओझे टांगून, जमिनीपासून थोडे उचलून, केवळ पुढची चाके काट्यावर घ्यावीत. आकडा ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या पंचमांशाहून कमी दिसला, तर एक तर पोते उतरवावे किंवा पुढे लोखंडी वजने बसवावीत. जो आकडा चुकणार नाही असा ठाऊक झाला, तो कठड्यावर रंगाने लिहून ठेवावा: "पाच पोती". ट्रॅक्टर कधी मुलगा चालवितो, कधी गडी; लिहिलेला आकडा दोघांनाही सांगता येतो आणि दोघांनाही पाळावा लागतो.

त्या आकड्याखाली आणखी एक ओळ लिहावी: "येथे माणूस बसणार नाही." फळ्यांचा तळ रिकामा दिसला, की शेतावरून परतताना पोरेटोरे त्यावर चढतात. चौकट अधांतरी असते. हायड्रॉलिकचा दाब गेला तर ती एकदम खाली येते. आणि मागे पडलेल्या मुलाचा आवाज इंजिनाच्या घरघरीत चालकाला ऐकू येत नाही. काम संपताच चौकट जमिनीवर टेकवूनच इंजिन बंद करावे. उचललेल्या चौकटीखाली कोणत्याही कारणाने शिरू नये. फळीचा नट ढिला झाला असला तरीही नाही.

गाडीवानाच्या हाताला जो तोल कळत असे, तो यंत्राच्या युगात सुताराच्या मापात आणि शेतकऱ्याच्या हिशेबात उतरला पाहिजे. चांगला मिस्त्री मागेल तेवढी फळी लांब करून देत नाही. आधी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर किती भार आहे ते विचारतो. आणि शहाणा शेतकरी सहावे पोते खाली ठेवतो, ते पुढच्या खेपेला नेतो. एक खेप वाढली तर घटकाभर वेळ जातो. गाडी उलाळ झाली तर काय जाते, हे ज्यांच्या बांधावर घडले आहे त्यांना विचारावे लागत नाही.