परदेशातील श्रमदान आणि एक पोस्टकार्ड

शिक्षणासाठी परदेशगमन ही गोष्ट आपल्याला नवी नाही. परंतु पदवीसाठी नव्हे, तर परक्या देशातील खेड्यात विटा वाहण्यासाठी विद्यार्थ्यांनी समुद्र ओलांडावा, ही कल्पना १९५० च्या दशकात अनेकांना विक्षिप्त वाटली असेल. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील कृष्णवर्णीय धर्मोपदेशक जेम्स रॉबिन्सन यांनी ती प्रत्यक्षात आणली. १९५४ मध्ये त्यांनी आफ्रिकेचा दौरा केला होता. १९५८ च्या उन्हाळी सुटीत 'ऑपरेशन क्रॉसरोड्स आफ्रिका' या उपक्रमाची सुमारे ६० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी पश्चिम आफ्रिकेत गेली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेद कायद्याने पाळला जात असताना या तुकडीत गोरे आणि काळे विद्यार्थी एकत्र राहत होते. आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करायचे, ही योजनेची मुख्य अट होती. प्रवासखर्चाचा काही भार विद्यार्थ्यांनीच उचलावयाचा होता.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. ज्याने कधी थापी हातात धरली नाही, अशा मुलाने दोन महिन्यांत उभारलेली भिंत गावचा गवंडी आठवड्यात अधिक सरळ उभारील. मग विमानभाड्याचा हा खर्च कशासाठी? केवळ भिंतीचा हिशेब केला, तर उत्तर देता येणार नाही. जाणाऱ्याची दृष्टी बदलते की नाही, हा खरा हिशेब.

१९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी 'पीस कोअर' ही सरकारी स्वयंसेवक संघटना स्थापन केली. तिच्या पूर्वसूरींत 'क्रॉसरोड्स'ची गणना त्यांनी स्वतः १९६२ मध्ये जाहीरपणे केली. त्या संघटनेचे सुमारे ५० तरुण शिक्षक ऑगस्ट १९६१ मध्ये घानाची राजधानी आक्रा येथे उतरले, तेव्हा त्यांनी विमानतळावरच तेथील ट्वी भाषेत गीत गायिले. स्वागतास आलेल्यांची मने त्यांनी तेथेच जिंकली.

नायजेरियात मात्र वेगळेच घडले. इबादान येथील विद्यापीठ महाविद्यालयात प्रशिक्षण घेत असलेल्या एका स्वयंसेविकेने ऑक्टोबर १९६१ मध्ये घरी पाठवावयाचे एक पोस्टकार्ड लिहिले. लोक रस्त्यावरच राहतात, तेथेच स्वयंपाक करतात, तेथेच विक्री करतात, अशा आशयाचा मजकूर त्यात होता. राहणीमान मागासलेले असल्याचा शेराही होता. (उघड्या पोस्टकार्डावर काय लिहू नये, हे आपल्याकडील आजीबाईंनाही ठाऊक असते!) कार्ड टपालपेटीत पडण्यापूर्वीच आवारात हरवले. ते नायजेरियन विद्यार्थ्यांच्या हाती लागले. त्याच्या प्रती निघाल्या, निषेधाच्या सभा झाल्या, स्वयंसेवकांवर हेरगिरीचाही आरोप झाला. त्या तरुणीने क्षमा मागितली आणि तिला मायदेशी परतावे लागले.

तिने पाहिले ते सर्वस्वी खोटे होते, असे म्हणता येणार नाही. रस्त्यावरील चूल तिला दिसली. पण त्या चुलीवर कोणाचे घर चालते, हे पाहण्याइतके दिवसच तिला मिळालेले नव्हते. आणि वाचणारे कोण होते? ज्या देशाला स्वातंत्र्य मिळून जेमतेम एक वर्ष झाले होते, त्या देशातील सुशिक्षित तरुण! दुखावले गेले ते त्यांचे घर. उरलेले स्वयंसेवक मात्र परत गेले नाहीत. त्यांनी तेथील शाळांतून वर्ग घेतले आणि ते काम अनेक वर्षे पुढे चालू राहिले.

आपल्याकडे १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे भरत आली आहेत. समुद्र ओलांडावा लागत नाही इतकेच. शहरातील विद्यार्थ्याला आदिवासी पाडा पुष्कळदा तितकाच दूरचा असतो. शिबिर संपल्यावर अहवाल लिहिला जातो आणि तो महाविद्यालयाकडे जातो. ज्या गावाविषयी तो लिहिला, त्या गावाला तो क्वचितच वाचायला मिळतो. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी तो छापण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या बैठकीत वाचून दाखवावा, सरपंचांनी आणि मुख्याध्यापकांनी त्याची प्रत आवर्जून मागावी आणि गावकऱ्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्या त्यांच्याच शब्दांत अहवालाला जोडाव्यात.