धुण्याच्या मशीनचा चौरंग

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सचिव मला म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले, बचतीवर बोला." नोकरीभर मी तेच बोललो. आज मी चौरंगावर बोलणार आहे. सत्यनारायणाच्या नव्हे, धुण्याच्या मशीनच्या. या चौरंगाने आपल्या इमारतीत एकदा भूकंप आणला होता, हे आमच्या खालच्या मजल्यावरच्या मंडळींना आठवत असेलच.

आपण शिरपुरात या जागी राहायला आलो, तेव्हा वाशिम जिल्हा नवा-नवा होता. १ जुलै १९९८ ला तो अकोल्यातून वेगळा झाला. तेव्हा बहुतेकांच्या मोरीत धुण्याचा दगड होता. पुढे मशीन आली आणि मला वाटलं, सौभाग्यवतीचा त्रास संपला. समोरून दार उघडणारी मशीन मीच निवडली. पाणी कमी लागतं, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याची काय परिस्थिती असते ते तुम्हाला सांगायला नको.

दोन-तीन वर्षांपूर्वी मशीनजवळच्या नळाची तोटी ढिली झाली. बसवली. पुन्हा ढिली झाली. तिसऱ्यांदा प्लंबर आला तो तोटी हातात धरून म्हणाला, "काका, हिला धरून कोणीतरी उठतंय."

मी हिच्याकडे पाहिलं. ही स्वयंपाकघरात निघून गेली.

मशीनचं दार जमिनीपासून फूटभरावर. कपडे काढायला ती खाली बसायची आणि गुडघे साथ देईनात म्हणून तोटीला धरून उठायची. मी तेव्हा शेजारच्या खोलीत पेपर वाचत असायचो. बँकेत दुसऱ्यांची खाती बारकाईने तपासणारा माणूस मी, घरातली ही नोंद माझ्या नजरेतून सुटली होती.

बाजारात लोखंडी स्टँड मिळतात, पण मी पाहिले ते चार-सहा इंच उंचीचे. उंदीर आत शिरू नयेत आणि खालून फरशी पुसता यावी, एवढ्याचसाठी. मला चौदा इंच हवे होते. हिला उभं करून, न वाकता हात कुठे पोचतो ते पाहून काढलेलं ते माप. मुलगा म्हणाला, "बाबा, सुताराला सांगा." मी ऐकलं नाही. चार पाय, वर प्लायवूड, खिळे ठोकले आणि दोघांच्या मदतीने मशीन वर चढवली.

धुणं छान झालं. मग पिळणं सुरू झालं. साठ-पासष्ट किलोची मशीन, आत ओल्या चादरीचा एका बाजूला झालेला गोळा, आणि मिनिटाला हजार फेरे. चौरंग डोलायला लागला. खालच्या वहिनी धावत वर आल्या. मशीन पुढे सरकत सरकत कडेशी आली, आणि समोर पाट घेऊन कपडे फिरताना पाहत बसला होता आमचा चार वर्षांचा नातू. मी त्याला उचललं, हिने बटण बंद केलं. मशीनचा एक पाय प्लायवूडच्या बाहेर गेला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या सुतारांना बोलावलं. त्यांनी एका बोटाने चौरंग हलवला आणि म्हणाले, "सायेब, हा चौरंग नाई, हा पाळणा हाये." मग त्यांनी मला हाताशी घेतलं. लाकूड माझ्या वडिलांच्या पाडलेल्या घराच्या चौकटीचं. सागाचं, इतकी वर्षं वाळवीने तोंड न लावलेलं. एकही सांधा नुसत्या खिळ्यावर नाही. एका लाकडात खाच पाडायची, दुसऱ्याचं टोक त्यात ठोकून बसवायचं. वर चौकट, खालीही चौकट. मागची आणि दोन्ही बाजू जाड प्लायवूडने बंद. त्यांच्या मते सगळी मेख इथेच होती, कारण उघडे पाय कितीही जाड घेतले तरी आडवे डोलतात. मशीनचे पाय बरोबर चौरंगाच्या पायांच्या डोक्यावर. मशीन घसरू नये म्हणून वर चारही बाजूंनी इंचभर उंच पट्टी. मागून भिंतीला दोन अँगल. एक सूत फरक पडला तरी ते पुन्हा रंधा मारायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या बँकेत एका पैशाचा फरक शोधायला रात्री थांबायचो, त्याची आठवण झाली.

मशीन वर गेली तसा सांडपाण्याचा पाइप कमी पडला. मी तो मागच्या आकड्यातून सोडवून थेट खाली मोरीत टाकला. झालं! पाणी भरतंय आणि भरता भरता निघून जातंय. पगार जमा आणि त्याच दिवशी उचल, शिल्लक शून्य. मशीन तासभर पाणीच घेत राहिली. पाइपचं तोंड टबातल्या पाण्याच्या पातळीखाली गेलं की पाणी आपोआप ओढलं जातं. म्हणून लांब पाइप आणून त्याचा वळसा पुन्हा आकड्यात उंच अडकवला. मशीन उंच करणाऱ्यांनी हे विसरू नये.

पहिल्यांदा पिळणं लावलं तेव्हा मी खालच्या मजल्यावर वहिनींच्या घरी जाऊन बसलो होतो. चहा झाला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सुरू कधी करताय?" वर पिळणं संपत आलं होतं.

नातू आता पाट मांडतो तो दारापासून तीन हात लांब, आजीने खडूने आखलेल्या रेषेमागे. तोटी अजून ढिली झालेली नाही. चौरंगाचं माप माझ्या वहीत आहे, ज्यांना हवं त्यांनी जरूर यावं. पण येताना घरात धुणं कोण धुतं त्यांना सोबत आणा. उंची त्यांना उभं करूनच घ्यावी लागेल.